बेचाळीस बाटल्या आणि एक दुधाळ नळी

प्रयोगशाळेच्या काकांना कुणाकुणाचे आभार मानायचेत असं विचारलं, तर ते बोटं मोजायला घेतात आणि पहिलं बोट हेडक्लार्कांच्या नावाने दुमडतात. यावर शाळेतली मंडळी हसतात, कारण हेडक्लार्कांनी काकांना काडीची मदत केली नव्हती, चक्क नकार दिला होता. दुसरं बोट एका प्लंबरचं. त्याने तर दोन दिवस चांगली फरशी विनाकारण फोडली. पण काकांचं म्हणणं असं की, त्या आठवड्यात यांच्यापैकी एकानेही शहाण्यासारखं वागायचं मनावर घेतलं असतं, तर आपण जन्मात कथिल पाहिलं नसतं. तिसऱ्या बोटाशी आले की काका जरा थांबतात. ते बोट रसायनशास्त्राच्या मॅडमचं.

काकांची नोकरी एकोणतीस वर्षांची आणि कामही एकोणतीस वर्षं एकच. रसायनशास्त्राच्या तासाला बाटल्या मांडायच्या, तास संपला की काचेची भांडी धुवायची. प्रयोग मुलं करायची, निष्कर्ष शिक्षक तपासायचे आणि या दोन्हींतून जे काही उरायचं ते काका धुवायचे. पण धुवायचे म्हणजे असे, की बघत राहावं. परीक्षानळी विसळून उजेडाकडे धरली की पाणी काचेवरून एकसंध खाली उतरलं पाहिजे. कुठे एक थेंब जरी चिकटून राहिला, तरी नळी पुन्हा ब्रशखाली. घरी काकूंनी घासलेले पेलेही काका असेच उजेडाकडे धरून बघत, आणि त्यावरून त्या घरात पहिल्या दहा वर्षांत बरंच काही बोलून झालं होतं.

आदल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक जाता जाता एवढंच म्हणाले होते, की बाटल्यांवरची लेबलं नीट वाचता येत नाहीत. कुणाला लागलं नाही, काकांना लागलं. वर्षभर ते वाक्य त्यांच्या घशात अडकून राहिलं. काकांचं अक्षर सुरेख होतं, शाळेच्या फळ्यावरचा सुविचार गेली कित्येक वर्षं तेच लिहीत. तेव्हा परीक्षेला आठ दिवस असताना, रविवारी, कुणालाही न विचारता, त्यांनी बेचाळीस क्षारांच्या बेचाळीस बाटल्यांची जुनी लेबलं काढून नवी लावायचं ठरवलं.

आता ते काही अविचारी गृहस्थ नव्हते. लेबल निघालं की आत काय आहे ते कळणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी वहीत एक ते बेचाळीस आकडे घातले, समोर क्षारांची नावं लिहिली आणि तेच आकडे बाटल्यांवर खडूने टाकले. खडू ओला केला की काचेवर छान उठतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. मग बाटल्या मोठ्या टबात गळ्यापर्यंत कोमट पाण्यात उभ्या केल्या. तासाभराने लेबलं सुटली. काकांनी एकेक बाटली उचलली, हातात ब्रश होताच, आणि एकोणतीस वर्षांची सवय. काचेवर डाग दिसला की तो घालवायचा. पांढरा डाग तर आधी घालवायचा. बेचाळीस बाटल्या टेबलावर ओळीने लखलखत उभ्या राहिल्यावर काका दोन पावलं मागे सरले, समाधानाने बघितलं, आणि वही उघडून नंबर एकची बाटली शोधायला लागले.

शोधता शोधता ते खाली बसले.

घरी गेल्यावर त्यांनी चहा घेतला नाही, यावरूनच काकूंनी ओळखलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मग मॅडमना सांगा. चूक झाली म्हणा."

"त्यांना काय सांगू? मला बाटल्या धुता येत नाहीत म्हणून सांगू?"

"धुता येतात हेच तर झालंय," काकू म्हणाल्या.

खरं दुखणं निराळंच होतं. परीक्षा पुढच्या सोमवारी. त्या परीक्षेत प्रत्येक मुलाला एकेक चिमूट अनोळखी पूड मिळते आणि ती कशाची आहे हे त्याने तपासण्या करून ओळखायचं असतं. परीक्षकांच्या यादीत लिहिलेलं एक आणि बाटलीत निघालं दुसरंच, तर बरोबर उत्तर लिहिणारं पोर नापास होणार, आणि का नापास झालं ते कुणाला कधी कळणार नाही. साठ मुलं होती. काकांना साठही चेहरे माहीत होते, कोण नळी फोडतं आणि कोण फोडून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवतं इथपर्यंत.

काकूंनी ही गोष्ट फक्त आपल्या भावाला सांगितली. भावाने फक्त शेजारच्या निवृत्त कंपाउंडरांना सांगितली. त्यामुळे सोमवारी सकाळी काका दाढी करत असताना दोघंही सल्ला घेऊन हजर झाले. कंपाउंडर म्हणाले, "एवढं काय त्यात? आमच्या काळी आम्ही चाटून ओळखायचो."

"यातल्या निम्म्या विषारी आहेत हो."

"मग थोडं चाटायचं," कंपाउंडर म्हणाले. त्यांच्या औषधांनी या गल्लीत कुणाला गुण का येत नसे, याचा काकांना त्या दिवशी उलगडा झाला.

मेहुणे विम्याच्या कचेरीत होते. त्यांचा सल्ला मात्र, काका आजही मान्य करतात, अगदीच टाकाऊ नव्हता. ते म्हणाले, "भावजी, जे नाही ते आधी खोडत जायचं. शेवटी उरेल ते असेल. आम्ही दावे असेच निकालात काढतो." मग ते तीन कप चहा घेऊन कचेरीत गेले.

काका मात्र आधी सरळ मार्गाने गेले. सरळ मार्ग हेडक्लार्कांच्या टेबलावरून जातो. काकांनी बेचाळीस क्षारांचा नवा संच मागितला. हेडक्लार्कांनी चष्मा पुसला, छापील अर्ज काढला आणि विचारलं, "कारण?"

"काय आहे ते ओळखता येत नाही."

हेडक्लार्कांनी अर्ज काकांकडे फिरवला. त्यात तीन रकाने होते. फुटली, सांडली, संपली. "यात बसवा," ते म्हणाले.

"यातलं काहीच झालेलं नाही. सगळ्या शाबूत आहेत, भरलेल्या आहेत."

"मग तक्रार काय आहे?" हेडक्लार्कांनी मनापासून विचारलं. थोडा वेळ विचार करून त्यांनी आवाज खाली आणला. "असं करा, फोडा. बेचाळीस फोडा, पहिल्या रकान्यात बसतील. दोन महिन्यांत नव्या येतात."

परीक्षेला सातच दिवस होते. शिवाय स्वच्छ धुतलेली बाटली स्वतःच्या हाताने फोडायची, हे काकांच्या हातून झालं नसतं. ते उठले, जिन्यात थांबले, आणि तिथे उभ्या उभ्या त्यांना कळून चुकलं की आता एकच वाट राहिली. एकोणतीस वर्षं ज्या नळ्या धुतल्या, त्यांच्यात स्वतः काहीतरी घालून बघायचं.

कपाटात तपासण्यांचं एक जुनं पुस्तक होतं. सोमवारी शाळा सुटल्यावर काकांनी ते उघडलं. रंगीत क्षार अकरा होते, निळे, हिरवे, एक फिकट गुलाबी. ते तासाभरात वहीतल्या नावांशी जुळले. उरले एकतीस, सगळे पांढरे. एकाकडे बघावं तर दुसरा आठवावा, आणि दोन्हींबद्दल काहीच माहिती नसावी, अशी अवस्था.

पण तपासण्या सुरू झाल्या आणि काकांना भलताच नाद लागला. आम्लाचा थेंब टाकला की फसफसून येणारे कार्बोनेट कळले. तारेच्या टोकावर कणभर पूड घेऊन ज्योतीत धरली की कुणी विटेच्या रंगाची ज्योत दाखवी, कुणी पोपटी, कुणी जांभळट. शिशाचा क्षार तर आयोडाइडचा थेंब पडताच असा पिवळाजर्द झाला की काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. इतकी वर्षं ही पोरं इथे हे सगळं बघत होती आणि आपण शेजारच्या मोरीत पाठ करून उभे होतो, याचं त्यांना हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. प्रत्येक तपासणीनंतर ते नळी धुवायचे आणि वहीतलं एक नाव खोडायचे.

बुधवारी मात्र घोटाळा झाला. काही धातू ओळखायला एक वायू लागतो, आणि त्या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. पुस्तकात तसं एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ किती लांबवर पोचते हे लिहिलं नव्हतं. काकांनी खिडक्या उघडल्या. वारा खिडकीतून आत आला आणि तो वास घेऊन व्हरांड्यातून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. तिथे पालकांची सभा चालू होती. मुख्याध्यापक रुमाल नाकाला लावून बाहेर आले आणि त्यांनी क्षणात निदान केलं, "ड्रेनेज फुटलंय."

काका दारात उभे होते. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण मुख्याध्यापक म्हणाले, "काका, तुम्हाला येतोय ना वास?" आणि काकांना "येतोय" याखेरीज खोटं न ठरणारं दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवारी प्लंबर आला. त्याने व्हरांडा हुंगला, फरशीवर कान लावला आणि प्रयोगशाळेच्या दारासमोरच खणायला घेतलं. दोन हात खोल गेल्यावर त्याला एक पाइप लागला. तो ठणठणीत होता. प्लंबर मान हलवत म्हणाला, "वरून चांगला दिसतोय तेच वाईट आहे," आणि आणखी पुढे खणू लागला. दारापुढे खड्डा पडल्यामुळे प्रयोगशाळेतले दोन दिवसांचे तास रद्द झाले. काका तेवढे मागच्या खिडकीतून स्टुलावर पाय देऊन आत जायचे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यांनी एकतीसपैकी तीस पांढरे क्षार ओळखले. त्या प्लंबरने शुद्ध हेतूने ते दोन दिवस मिळवून दिले नसते, तर बारापर्यंतही मजल गेली नसती. काका अजून तो रस्त्यात दिसला की त्याला चहा पाजतात, आणि तो बिचारा दर वेळी म्हणतो, "पण गळती सापडली नाही हो शेवटपर्यंत."

शनिवारी दुपारी शाळेत सामसूम होती. प्लंबर खड्डा बुजवून गेला होता. काकांपुढे एक बाटली होती आणि वहीत एकच नाव उरलं होतं, कथिलाचा क्लोराइड. मेहुण्यांच्या हिशेबाने विषय संपला होता. पण काका नेकीने वागणारे. तीस क्षार तपासून घेतले आणि एकतिसावा तेवढा भरवशावर सोडला, हे त्यांना पटेना. पुस्तकात कथिलाच्या क्लोराइडपुढे लिहिलं होतं, पाण्यात विरघळतो. काकांनी नळीत पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली, हलवलं.

पाणी दुधाळ झालं.

काकांनी नळी उजेडाकडे धरली. धुण्यात काहीतरी राहिलं असणार. त्यांनी दुसरी नळी घेतली, ब्रशने घासली, तीनदा विसळली, पाणी एकसंध उतरतंय ना ते पाहिलं. पुन्हा पूड, पुन्हा दूध. मग त्यांनी ब्रश धुतला. मग मोरी घासली. मग रॅकमधल्या सगळ्या नळ्या उतरवून एकेक धुवायला घेतली. कारण नळ्या जर स्वच्छ असतील तर याचा अर्थ भयंकर होता. बाटलीत कथिल नव्हतं. मग ते तीस खोडलेल्या नावांमध्ये कुठेतरी होतं, म्हणजे आधीच्या तिसांत कुठेतरी चूक होती, आणि एक चूक असेल तर दहा कशावरून नसतील? सोमवार परवावर आला होता. सातव्यांदाही पाणी पांढरंच झालं.

"काका, आज सुट्टी आहे ना?"

दारात मॅडम उभ्या होत्या. परीक्षेची मांडामांड बघायला आल्या होत्या. तिशीच्या, शाळेत येऊन दोनच वर्षं झालेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी लेबल नसलेल्या बेचाळीस बाटल्या पाहिल्या, काकांची वही पाहिली, आणि मोरीत ओल्या नळ्यांचा ढीग पाहिला. काकांनी सहा दिवस मनात जुळवलेली सगळी कारणं त्या वेळी नाहीशी झाली. त्यांनी खडूपासून ड्रेनेजपर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि शेवटी म्हणाले, "आणि आता मला नळ्यासुद्धा धुता येईनात, मॅडम. सात वेळा घासली. गढूळपणा जात नाही."

मॅडमनी ती नळी हातात घेतली. उजेडाकडे धरून निरखली. काकांनी मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर तयार केला, त्यातही अक्षर सुरेख असावं असा विचार त्यांना शिवून गेला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "नळी स्वच्छ आहे. आत काय आहे ते बघू या."

त्यांनी आम्लाचे दोन थेंब टाकले. दूध हळूहळू निवळलं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ झालं. काका बघतच राहिले.

"कथिलाचा हा क्षार असाच असतो. जास्त पाणी बघितलं की रुसतो, पांढरा पडतो. आम्ल दिलं की येतो ताळ्यावर. पुस्तकवाल्यांनी निम्मंच छापलंय." मग त्यांनी विचारलं, "खात्री करायची? पडदे ओढा."

काकांनी पडदे ओढले. मॅडमनी एका बशीत ती पूड, तीव्र आम्ल आणि जस्ताचा खडा घातला. एका स्वच्छ नळीत गार पाणी भरलं, नळीचं बूड त्या बशीत बुडवलं आणि ते ओलं बूड बर्नरच्या ज्योतीत धरलं. काचेला लगटून एक निळा उजेड उमटला, ज्योतीच्या निळ्यापेक्षा वेगळा, शांत. "हे फक्त कथिल करतं," मॅडम म्हणाल्या. काकांचे डोळे भरून आले होते, आणि एवढ्याशा उजेडाने असं व्हावं याची त्यांना लाजही वाटत होती.

शनिवारची उरलेली दुपार आणि अख्खा रविवार दोघांनी मिळून बेचाळीसच्या बेचाळीस बाटल्या पुन्हा तपासल्या. काकूंनी डबा पाठवला. काकांच्या तीस उत्तरांत दोन चुका निघाल्या, एकमेकांच्या जागी बसलेल्या, आणि त्या मॅडमनी न बोलता दुरुस्त केल्या. मग काकांनी आपल्या वळणदार अक्षरात लेबलं लिहिली. ही गोष्ट मुख्याध्यापकांना का कळवत नाहीत, हे मॅडमना विचारायचं धाडस काही त्यांना झालं नाही.

सोमवारी परीक्षक आले. तेच, गेल्या वर्षीचे. त्यांनी कपाटासमोर उभं राहून लेबलं वाचली आणि भुवया उंचावल्या. "सगळी नवी? एका हातची? आत काय आहे ते कुणी तपासलं?"

मॅडम काही बोलणार, तोच काका पुढे झाले. आपल्यासाठी या मुलीला खोटं बोलायला लागलं तर ते त्यांना चाललं नसतं. "माझ्या हातून जुनी लेबलं गेली साहेब. मग तपासून लावली. मॅडमनी पुन्हा तपासली. चूक माझी आहे, तपासणी दोघांची आहे."

बाहेर व्हरांड्यात साठ मुलं वह्या छातीशी धरून उभी होती. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, कपाटात हात घातला आणि तीन बाटल्या काढल्या. पहिल्या दोन त्यांनी स्वतः तपासल्या आणि बाजूला ठेवल्या. तिसरी त्यांनी काकांपुढे सरकवली. कथिलाचा क्लोराइड. "दाखवा."

काकांनी पडदा ओढला. बशी, आम्ल, जस्ताचा खडा. नळीत गार पाणी भरून त्यांनी ती ज्योतीत धरली आणि तो निळा उजेड आला. परीक्षक वाकून बघत राहिले, जरुरीपेक्षा जास्तच वेळ. मग सरळ होत म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं. कुणी करून दाखवलं नव्हतं." आणि दाराकडे वळून, "मुलांना आत घ्या."

संध्याकाळी साठ मुलं घरी गेली होती. कुणाचं बरोबर आलं, कुणाचं चुकलं, पण जे चुकलं ते त्याचं त्याचं चुकलं. काका मोरीपाशी उभे होते. मॅडम पर्स उचलून निघाल्या तेव्हा त्यांना राहवलं नाही. "मॅडम, एक विचारू? तुम्ही तक्रार का नाही केली माझी?"

मॅडम थांबल्या. "मी शाळेत असताना आमच्या परीक्षेचं केंद्र इथेच आलं होतं. त्या खिडकीजवळच्या टेबलावर मला पांढरी पूड मिळाली. पाण्यात टाकली तर पाणी दुधाळ. मला वाटलं नळी घाण आहे. धुतली, पुन्हा तेच. अर्धा तास गेला. मग मी रडत तुमच्याकडे आले, म्हटलं नळी बदलून द्या, ही घाण आहे."

काकांना काहीही आठवेना. "मग मी काय केलं?"

"तुम्ही चिडलात. नळी उजेडाला धरलीत आणि म्हणालात, बाळ, माझी नळी घाण नसते. गढूळ दिसत असेल तर ते आत आहे ते तसंच आहे, जा आणि बघ." मॅडम हसल्या. "मला फार लागलं ते. पण तुमचा चेहरा बघून खोटं वाटेना. जागेवर आले आणि विचार केला, नळी जर खरंच स्वच्छ असेल, तर पाण्यात पांढरं पडणारं काय असतं? मग सापडलं मला."

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. एकोणतीस वर्षांत त्यांनी किती पोरांना असं फटकारलं असेल याची गणती नव्हती, आणि त्यातलं एक वाक्य कुणाच्या तरी पायाखाली दगडासारखं भक्कम उभं राहिलं होतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचे फार उपकार झाले."

"मी त्या दिवशी तुम्हाला हेच म्हणायला मोरीपाशी आले होते काका," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही पाठ करून धुत होतात, आणि माझा धीर झाला नाही."